शालेय प्रकल्पांसाठी मॉस्फेटची निवड

परभणी जिल्ह्यातील पालमसारख्या तालुक्याच्या गावी, विज्ञान प्रदर्शनासाठी, जमिनीतील ओलावा पाहून आपोआप सुरू होणारा पंप विद्यार्थ्यांना करता येतो. अर्डुइनो बोर्डाच्या ५ व्होल्टच्या क्षीण संकेतावर १२ व्होल्टचा पंप चालविण्याचे काम मॉस्फेट हा ट्रान्झिस्टर करतो. चारीचे दार उचलताच पाणी वाहावे, त्याप्रमाणे त्याच्या गेटवर विद्युतदाब देताच प्रवाह वाहतो. दार अर्धवट उचलले गेले तर मात्र मॉस्फेट तापतो, जळतोही. आणि दोष बिचाऱ्या विद्यार्थ्याच्या जोडणीस दिला जातो.

आयआरएफझेड ४४ एन या मॉस्फेटची ४९ अँपिअरची क्षमता पाहून तो घेण्याचा मोह होतो. त्याच्या माहितीपत्रकात २ ते ४ व्होल्ट असा आकडा असतो. पण तेथे प्रवाहाचा केवळ आरंभ होतो. पूर्ण वहनासाठी गेटवर सुमारे १० व्होल्ट लागतात. ५ व्होल्टच्या बोर्डास आयआरएलझेड ४४ एन घ्यावा, ३.३ व्होल्टच्या बोर्डास तोही अपुरा पडू शकतो. स्वस्त २ एन ७००० सुमारे २०० मिलिअँपिअरच पेलतो. तो लहान दिव्यापुरताच वापरावा. पंप बंद होताना उसळणारा दाब मॉस्फेटला मारक ठरतो, म्हणून पंपाच्या दोन टोकांमध्ये उलट दिशेने डायोड जोडावा.