डबा फोडू नका, घासा

पावसाळा सरता सरता धारूरच्या डोंगरात सीताफळाचे डोळे उघडू लागतात. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि अंबाजोगाईच्या सीताफळ संशोधन केंद्राने निवडलेल्या एका वाणाचे नावच ‘धारूर-६’ आहे. तरीही पत्र्याच्या डब्यातून घरोघरी पोहोचला तो कोकणचा आमरस. सीताफळाचा गर गोठवूनच ठेवावा लागतो, कारण साधारण ६५ अंशांच्या पुढे तापवला की तो कडवट होतो. आंबा आंबट असल्याने उकळीच्या आतल्या उष्णतेवरही त्याचा रस टिकतो. भाज्या आणि मांस यांत आम्ल कमी, म्हणून बंद डबे वाफेच्या दाबाखाली १२१ अंशांपर्यंत तापवतात. ‘क्लॉस्ट्रिडियम बोटुलिनम’ या जिवाणूचे बीजाणू साध्या उकळण्याला दाद देत नाहीत, म्हणून एवढा खटाटोप.

उष्णतेने आतले जंतू मेले तरी बाहेरचे आत येऊ नयेत, याची जबाबदारी झाकणाच्या शिवणीवर असते. झाकणाची कड आणि डब्याची कड एकमेकींत अडकवून दुमडतात आणि रुळांखाली दाबतात. त्या घडीत पत्र्याचे पाच थर असतात, मधल्या फटीत रबरासारखे लुकण. पण घडीच्या अगदी माथ्यावर झाकणाच्या पत्र्याचे एकच वळण असते, जेमतेम पाव मिलिमीटर जाडीचे. डबा उघडण्याची किल्ली हीच.

ओपनर हाताशी नसला की आपण स्क्रूड्रायव्हर आणि वरवंटा घेऊन झाकणाच्या मधोमध घाव घालतो. पत्रा आत वाकतो, हत्यार निसटते आणि फाटलेली धार बोटात शिरते. डब्याचे पेटंट पीटर ड्युरँडने १८१० मध्ये घेतले, ओपनरचे पेटंट मात्र इंग्लंडमध्ये १८५५ साली निघाले. मधल्या काळात छिन्नी-हातोडाच चाले. १८२४ च्या ध्रुवीय मोहिमेतल्या मांसाच्या डब्यावर तशी सूचनाच छापलेली होती. तेव्हाचा पत्रा जाड होता, आजच्या पातळ पत्र्याला घावाची गरजच नाही.

आधी डबा धुऊन घ्या. दोन्ही टोकांवरून बोट फिरवा. काही डब्यांचा तळ अखंड असतो, तिथे शिवण नसते. शिवणीचे टोक खाली करून डबा सिमेंटच्या ओट्यावर किंवा खरखरीत काळ्या दगडावर गोल गोल घासा. टाकी लावलेला पाटा या कामाला उत्तम, पण त्यावर आपले वाटण होते, त्यात धातूची पूड नको. झाकण कडेपेक्षा खोलगट असल्याने फक्त कडच झिजते. अधूनमधून उलटून पाहा. दगडावर ओल दिसली की थांबा, माथ्याचे वळण झिजून झाकण सुटले आहे. आता डबा सरळ करून कड ओल्या फडक्याने नीट पुसा, म्हणजे धातूचा कीस अन्नात पडणार नाही. मग दोन्ही बाजूंनी हाताने दाबा. झाकण वर उचलले जाते, नाही तर सुरीच्या टोकाने अलगद उचला. कड धारदार असते, तेव्हा हातात जाड फडके असू द्या आणि मुलांना जवळ येऊ देऊ नका.

गरम भरलेला डबा थंड झाला की आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो. म्हणून चांगल्या डब्याचे झाकण किंचित आत ओढलेले असते आणि फट पडताच हवा आत शिरते. उलट आतून वायू किंवा रस जोराने बाहेर आला, तर आत जिवाणू वाढल्याची शक्यता धरावी. बोटुलिनमचे विष वासावरून किंवा चवीवरून कळत नाही. त्यामुळे झाकण फुगलेला, शिवणीपाशी चेपलेला किंवा गळणारा डबा कितीही महागाचा असला, तरी तो घासू नका, चाखू नका, जनावरांपुढेही टाकू नका.