डाग गेले, मग कापायचं काय?

सांगलीहून एका वाचकाचं पत्र आलं, आणि त्यातला प्रश्न माझ्या इतका आवडीचा निघाला की तो बाजूला ठेवणं जिवावर आलं.

त्यांच्या मेहुण्यांचा मोठ्या आतड्याचा कॅन्सर यकृतात पसरला होता. पहिल्या सीटी स्कॅनमध्ये पाच डाग होते. केमोच्या सहा सायकल झाल्यावर पुन्हा स्कॅन केला, तर तीनच उरले. घरात पेढेही वाटून झाले. पण सर्जन म्हणतात की या तिन्हींबरोबर त्या दोन जागाही काढायच्या. ‘जे नाहीच ते काढणार कसं? आणि चांगलं लिव्हर उगाच का कापायचं?’ असं पत्रलेखक विचारतात.

प्रश्न रास्त आहे आणि सर्जनही चुकीचं सांगत नाहीत. डाग दिसत नाही, याचा अर्थ तो स्कॅनला दिसत नाही, एवढाच. एक सेंटिमीटरच्या गाठीत ढोबळमानाने १०० कोटी पेशी असतात. ती आटत आटत एक मिलिमीटरवर आली तरी १० लाख पेशी शिल्लक राहतात, आणि एवढ्याशा गाठीचा सीटीला पत्ताही लागत नाही.

याचा रोखठोक हिशेब २००६ साली फ्रान्समध्ये मांडला गेला. पॅरिसला खेटून असलेल्या बुलोन्यच्या आंब्रवाज पारे रुग्णालयात नॉर्डलिंजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३८ रुग्णांमधल्या ६६ अशा गाठींचा माग काढला, ज्या केमोनंतर स्कॅनवरून पुसल्या गेल्या होत्या. ऑपरेशनच्या वेळी पाहिलं तर ६६ पैकी २० जागी गाठ डोळ्यांना आणि हाताला चक्क सापडली! उरलेल्या ४६ जागांवर काहीच लागलं नाही. त्यांतल्या १५ जागा तरीही काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या, तेव्हा १२ ठिकाणी जिवंत कॅन्सरपेशी निघाल्या. बाकीच्या ३१ जागांना हात न लावता नुसतं लक्ष ठेवलं, त्यांतल्या २३ जागी वर्षभरात गाठ परत उगवली. बेरीज करा: ६६ पैकी ५५, म्हणजे ८३ टक्के.

स्कॅन फसतो तो नुसत्या आकारामुळेच असंही नाही. केमोची काही औषधं, विशेषतः आयरिनोटिकॅन, यकृतात चरबी साठवतात. सीटीवर पसरलेल्या गाठी यकृतापेक्षा गडद दिसतात, म्हणून त्या ओळखू येतात. चरबीमुळे सगळं यकृतच गडद झालं की काळ्या पाटीवर कोळशाने काढलेल्या ठिपक्यासारखी त्यांची गत होते. पेट स्कॅनचं दुखणं वेगळं. तो पेशींची साखरेची भूक मोजतो, आणि केमोच्या तडाख्यातून नुकत्याच उठलेल्या पेशींना काही काळ भूकच नसते. म्हणून केमोनंतर लगेच काढलेला ‘स्वच्छ’ पेट मी फारसा मनावर घेत नाही. यातल्या त्यात भरवशाचा तो एमआरआय, तोही यकृताच्या पेशी शोषून घेतात ते खास औषध टोचून केलेला. यकृत उजळतं, गाठीत यकृताच्या पेशीच नसल्यामुळे ती काळीच राहते.

आता, दिसत नाही ते शोधायचं कसं? ऑपरेशन थिएटरमध्ये केमोपूर्वीचा पहिला सीटी समोरच्या पडद्यावर लावलेला असतो. यकृत बंधांतून मोकळं करून घेतलं की एक तळहात उजव्या भागाच्या मागे आणि दुसरा पुढे ठेवून इंच न् इंच चाचपायचं. पृष्ठभागाजवळच्या गाठीच्या जागी कधी कधी आत ओढली गेलेली पांढुरकी खळी दिसते. मग सोनोग्राफीचा छोटा प्रोब थेट यकृतावर टेकवायचा. पोटाची कातडी आणि चरबी मधे नसल्यामुळे चित्र कमालीचं स्पष्ट येतं. तीन मोठ्या शिरा आधी पकडायच्या आणि त्यांच्या आधाराने जुन्या गाठीचा पत्ता काढायचा: आठवा भाग, उजव्या आणि मधल्या शिरेच्या बेचक्यात, वरून दोन सेंटिमीटर खोल. कुइनोच्या पद्धतीने यकृताचे आठ भाग पाडतात, ते अशा वेळी कामी येतात. गाठ असो वा नसो, पत्ता बदलत नाही.

याची दुसरी बाजूही आहे. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमधल्या २०१० च्या अभ्यासात अशा ११८ जागांपैकी ६४ टक्के जागी रोग खरोखरच संपलेला आढळला. गाठ एमआरआयवरही न दिसणं, रक्तातलं सीईए (कॅन्सरची खूण सांगणारं प्रथिन) नॉर्मलला येणं आणि केमो थेट यकृताच्या धमनीत सोडलेली असणं, ही तिथली शुभचिन्हं होती. त्यामुळे माझं मत असं: जुनी जागा कापायच्या भागात किंवा त्याच्या कडेला येत असेल तर ती काढावी. ती खोलवर असेल आणि तिच्यापायी मागे उरणारं यकृत ३० टक्क्यांच्या खाली जाणार असेल, तर तिला सोडून द्यावं आणि दर तीन महिन्यांनी स्कॅन करावा. (निरोगी यकृताला २० टक्के पुरतात, केमो सोसलेल्याला ३० लागतात.) मेहुण्यांच्या त्या दोन जागा कुठे आहेत हे मला ठाऊक नाही, पण सर्जनांना विचारण्यासारखा प्रश्न हाच.

घरच्यांकडून यापुढे हमखास येणारी सूचना म्हणजे, ‘अजून चार सायकल देऊ, उरलेले तीनही जातील.’ हा मोह टाळावा. ऑक्सॅलिप्लॅटिन हे केमोचं औषध जास्त झालं की यकृतातल्या बारीक रक्तवाहिन्या तुंबतात, यकृत निळसर पडतं आणि कापताना रक्त थांबता थांबत नाही. पसरलेला रोग कापण्याजोगा करणं हे ऑपरेशनपूर्वीच्या केमोचं काम. तेवढं साधलं की थांबायचं, शेवटच्या सायकलनंतर चारेक आठवडे यकृताला उसंत द्यायची आणि ऑपरेशन करायचं.

खरं शहाणपण तर केमोच्याही आधीचं आहे. दोन सेंटिमीटरपेक्षा लहान गाठी गायब होण्याची शक्यता सर्वांत जास्त. अशी गाठ खोल असेल तर केमोआधीच सुईने तिच्याशेजारी धातूची बारीक कॉइल ठेवता येते. पुढे गाठ दिसेनाशी झाली तरी कॉइल दिसते. पण हे सुचवायला यकृताच्या सर्जनने पहिला स्कॅन वेळेवर पाहिलेला असावा लागतो. आपल्याकडे बहुतेक रुग्ण त्यांच्याकडे पोचतात ते केमो आटोपल्यावर, आणि हातात असतो फक्त रिपोर्टचा कागद. त्यावर ‘गाठ, १.५ सेंमी’ एवढंच लिहिलेलं असतं. कापणाऱ्याला चित्रं लागतात.

तेव्हा घरात कुणाच्या यकृतात असे डाग निघाले, तर पहिलं सलाइन लागण्यापूर्वी यकृताच्या सर्जनचं मत घ्या. आणि पहिल्या स्कॅनची सीडी जपून ठेवा, रिपोर्टपेक्षा जास्त जपून.