औषधोपचारातील काटकसर : धर्मापुरी परिसराच्या संदर्भात

कुटुंबाच्या अर्थव्यवहारात आजारावरील खर्च इतर खर्चांच्या पंक्तीस बसत नाही. धान्य, कापड किंवा इंधन यांवरील खर्च मिळकतीच्या मानाने कमीजास्त करता येतो. आजार मात्र मिळकत पाहून येत नाही, आणि आला म्हणजे बहुधा मिळकतीलाही खंड पाडतो. शिवाय या बाजारात काय विकत घ्यावयाचे हे ग्राहक ठरवीत नसून विक्रेता ठरवितो. केनेथ ॲरो या अर्थशास्त्रज्ञाने १९६३ साली लिहिलेल्या निबंधात या वैशिष्ट्याची प्रथम पद्धतशीर मीमांसा केली. तेव्हा ‘काटकसर’ हा शब्द किराणामालाच्या बाबतीत ज्या अर्थाने वापरला जातो, त्याच अर्थाने तो येथे लागू पडेल असे गृहीत धरणे धोक्याचे होय.

बीड जिल्ह्यातील धर्मापुरी हे गाव केदारेश्वराच्या चालुक्यकालीन मंदिरामुळे इतिहासाच्या अभ्यासकांस परिचित आहे. अर्थशास्त्राच्या दृष्टीने त्याचे स्थान वेगळ्या कारणाने लक्षणीय ठरते. १९७४ साली ग्रामीण भागासाठी म्हणून स्थापन झालेले अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय या परिसरातच आहे. मोठे सरकारी रुग्णालय जवळ असणे ही मराठवाड्यातील थोड्याच खेड्यांच्या वाट्यास आलेली सोय आहे. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५व्या फेरीत (जुलै २०१७ ते जून २०१८) देशाच्या ग्रामीण भागात बाळंतपणाखेरीज अन्य कारणांसाठी एकदा रुग्णालयात राहण्याचा सरासरी वैद्यकीय खर्च सरकारी रुग्णालयात सुमारे ४,३०० रुपये, तर खाजगी रुग्णालयात सुमारे २७,३०० रुपये आढळला. दोन्हीकडील रुग्ण व आजार सारखे नसल्यामुळे हा फरक सर्वस्वी दराचा मानता येत नाही. तथापि त्याचे प्रमाण दुर्लक्षिण्याजोगेही नाही.

मोफत उपचारांची व्याप्ती अलीकडे वाढली आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील शुल्क रद्द झाले. वैद्यकीय शिक्षण विभागाकडील महाविद्यालयीन रुग्णालये त्या निर्णयाच्या बाहेर राहिली. २०१२ साली ‘राजीव गांधी जीवनदायी’ या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झालेली योजना २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने चालते. १ जुलै २०२४ पासून तिची प्रतिकुटुंब मर्यादा दीड लाखांवरून पाच लाख रुपये झाली, आणि उत्पन्नाची अटही गेली. मात्र योजनेचे संरक्षण ठरावीक उपचारांसाठी रुग्णालयात दाखल झालेल्यांपुरतेच आहे. मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या रुग्णास दरमहा लागणाऱ्या गोळ्या, तपासण्या व येण्याजाण्याचे भाडे हा खर्च खिशातूनच होतो. तो एका वेळी लहान दिसतो. पण वर्षानुवर्षे चालतो.

गोळ्यांच्या खर्चात बचतीस खरा वाव आहे. एकच औषधद्रव्य अनेक कंपन्या निरनिराळ्या व्यापारी नावांनी विकतात, आणि त्यांच्या किमतींत मोठे अंतर असते. २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशाने अत्यावश्यक औषधांची कमाल किंमत ठरविण्याची पद्धतच बदलली. पूर्वी उत्पादनखर्च हा आधार होता. आता बाजारात किमान एक टक्का हिस्सा असलेल्या उत्पादनांच्या किमतींची सरासरी घेऊन तीत किरकोळ विक्रेत्याचा १६ टक्के नफा मिळवितात. म्हणजे बाजारातील चढ्या किमती नियंत्रित किमतीतही उतरतात. २००८ साली सुरू झालेल्या जनऔषधी दुकानांत तीच द्रव्ये बऱ्याच कमी किमतीस मिळतात. परंतु औषध नियमांतील नियम ६५ (११-अ) अन्वये, चिठ्ठीवर परिशिष्ट ‘एच’मधील औषधाचे व्यापारी नाव असेल, तर त्याऐवजी तेच द्रव्य असलेले दुसरे उत्पादन देण्याची विक्रेत्यास मुभा नाही. बचतीची किल्ली अशा रीतीने दुकानात नसून डॉक्टरांच्या लेखणीत आहे. द्रव्याचे मूळ नाव लिहून द्यावे अशी विनंती रुग्णाने चिठ्ठी लिहिली जात असतानाच केली पाहिजे. नंतर वेळ गेलेली असते.

येथवरची काटकसर सरळ आहे. बीड जिल्ह्याचा अनुभव तिची दुसरी बाजू दाखवितो. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास जिल्ह्यातील असंख्य कुटुंबे उचल घेऊन ऊसतोडीस बाहेर पडतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. कामाचा दिवस चुकला तर तो ‘खाडा’, आणि त्याची रोजी तर जातेच, वर दंडही भरावा लागतो. अंगावरून पांढरे जाणे किंवा पोटात दुखणे यांसारख्या, औषधाने बऱ्या होण्याजोग्या तक्रारींसाठी चार वेळा दवाखान्यात जाणे म्हणजे चार खाडे. त्यापेक्षा पिशवी एकदाच काढून टाकली म्हणजे पाळीही नको आणि फेऱ्याही नकोत, हा हिशेब वरवर चोख दिसतो. २०१९ मध्ये राज्य सरकारने नेमलेल्या समितीपुढे आलेल्या पाहणीत जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची, म्हणजे जवळजवळ १७ टक्क्यांची, ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१५-१६) १५ ते ४९ वयोगटातील स्त्रियांत देशाचे प्रमाण ३.२ टक्के होते. दोन्ही पाहण्यांची पद्धत एक नसल्याने तुलना स्थूलच मानावी. परंतु एवढी तफावत केवळ पद्धतीतून उद्भवणारी नव्हे.

या हिशेबातील चूक अशी की, त्यात शस्त्रक्रियेनंतरची वर्षे धरलेलीच नसतात. खाजगी शस्त्रक्रियेचे पैसे बहुधा नव्या उचलीतून येतात, आणि ती पुढील हंगामांच्या श्रमातून फेडावी लागते. बीजकोशही काढले असतील, तर ऐन तारुण्यात रजोनिवृत्ती येते, हाडे ठिसूळ होऊ लागतात, आणि कोयता चालविण्याची शक्तीच घटते. खाडे टाळण्यासाठी केलेली बचत अखेर कायमचा खाडा ठरते. यात स्त्रीच्या अज्ञानास दोष देणे अन्यायाचे होईल. तिच्यापुढील दर पाहता तिचा निर्णय तर्कशुद्धच होता. दरच विपरीत होते.

२०१९ नंतर जिल्ह्यात खाजगी रुग्णालयांस ही शस्त्रक्रिया करण्यापूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याचे बंधन आले. त्यामुळे अनावश्यक शस्त्रक्रियेस अडसर बसतो. पहिल्या तपासणीसाठी पडणारा खाडा मात्र त्याने स्वस्त होत नाही, आणि धर्मापुरीहून अंबाजोगाईस जाणे कितीही सोयीचे असले, तरी हंगामाच्या पाच-सहा महिन्यांत उसाच्या फडावर असलेल्या बाईस ते रुग्णालय शेकडो किलोमीटर दूर असते.