ओसरीवरचा जामीन

अमरावतीहून पश्चिमेला भातकुलीकडे जाणारी डांबरी सडक सोडून एखाद्या पांदण रस्त्याला लागले म्हणजे भाद्रपदातल्या काळ्या मातीची जी चिकटाई अनुभवास येते, तिचे वजन ज्याने ते स्वतःच्या पादत्राणांवर तोलले आहे त्यालाच सांगता येईल. आणि आमच्या स्नेह्याने मोटारसायकल बांधावर उभी करून, बुटांचा चिखल तुराटीने खरवडीत मला पहिली गोष्ट सांगितली ती हीच, की या मातीतून रोज शाळेची वाट तुडविणाऱ्या पोरांच्या पोटऱ्या जशा घडतात तशा त्या कोणत्याही व्यायामशाळेत घडत नाहीत. हा गृहस्थ अमरावतीच्या एका महाविद्यालयात बास्केटबॉलचा सहायक प्रशिक्षक आहे. त्याचे कागदोपत्री काम सायंकाळच्या सरावाला हजर राहण्याचे. प्रत्यक्षात वर्षातला अर्धाअधिक वेळ तो मुलेमुली हुडकीत हिंडतो, आणि त्या हिंडण्याचा एक छदामही कोणत्याही देयकात दाखल होत नाही. लागोपाठ चार शनिवार मी त्याच्या मागच्या आसनावर बसून हे काम पाहिले.

बास्केटबॉल हा या मुलखाचा खेळ नव्हे, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. मला त्यांना एका योगायोगाची आठवण द्यावीशी वाटते. 1914 साली वैद्य बंधूंनी अमरावतीत स्थापन केलेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तेथे जाऊन आपल्या देशी खेळांची आणि व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके दाखवून आले, आणि बास्केटबॉलला ऑलिंपिकमध्ये प्रथमच प्रवेश मिळाला तोही त्याच बर्लिनमध्ये, त्याच वर्षी. 1891 च्या डिसेंबरात अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे ज्यांनी हा खेळ निर्माण केला ते जेम्स नेस्मिथ वृद्धापकाळी तेथे उपस्थित होते. अंतिम सामना उघड्यावर, माती आणि वाळूच्या मैदानावर, भर पावसात झाला, चेंडू चिखलात उसळेना, आणि अमेरिकेने कॅनडावर अवघ्या 19 विरुद्ध 8 अशा गुणांनी विजय मिळविला. आमच्या स्नेह्याला ही हकीकत फार प्रिय आहे. ज्या शाळेच्या आवारात एका लोखंडी खांबावर एकुलते एक कडे लटकते आहे आणि खाली श्रावणाचा चिखल आहे, तेथील मुख्याध्यापकांना तो ती आवर्जून ऐकवितो.

आम्ही गेलो त्या शाळांतून बास्केटबॉलचे मैदान असे क्वचितच होते. 28 मीटर लांब आणि 15 मीटर रुंद सपाट जागा आणि 3.05 मीटर उंचीवरची दोन कडी हा खर्च शाळांना झेपत नाही. त्यामुळे तो बास्केटबॉल पाहावयास जातच नाही. तो कबड्डी आणि खो-खो पाहावयास जातो. तालुका पातळीवरच्या शालेय स्पर्धेत सगळे गाव चढाई करणाऱ्याकडे डोळे लावून बसलेले असते, तेव्हा याची नजर कोपरारक्षकाच्या गुडघ्यांवर असते: बूड खाली, पाठ ताठ, पाय एकमेकांवर न चढविता आडवे सरकणे, ही जी बैठक कबड्डीच्या कोपऱ्यात पोरे आपसूक शिकतात, तीच बास्केटबॉलमध्ये बचावासाठी शिकविताना दोन दोन वर्षे मोडतात. खो-खोत तो पाठलाग करणाऱ्यापेक्षा पळणाऱ्याला अधिक न्याहाळतो, कारण भरधाव धावता धावता एका पावलात थांबून दुसऱ्या पावलावर अंग फिरविणे ज्याला साधते, त्याच्या हाती चेंडू देण्यापुरतेच काम उरते. आणि खेळाडू बाद होऊन बाहेर आला की तो कोठे पाहतो, पंचाकडे, स्वतःच्या पायाकडे की अजून आत असलेल्या सोबत्यांकडे, याचीही वहीत नोंद होते.

उंची तो सर्वांत शेवटी पाहतो, हे मला प्रथम विलक्षण वाटले. पंजाबातील बल्लो के या खेड्यातला शेतकऱ्याचा मुलगा सतनाम सिंग 2015 साली डॅलस मॅव्हरिक्स या अमेरिकी व्यावसायिक संघाने निवडला तेव्हापासून जो तो पालक आपल्या उंच मुलाला घेऊन येतो, असे तो हसत म्हणाला. पण उंची आईबाप देतात, पाऊल मातीच देते. तरीही ती मोजण्याची त्याची एक तऱ्हा आहे. तो मोजपट्टी काढीत नाही, घराच्या चौकटीतून मुलगी आत कशी शिरते ते पाहतो. जी केवळ चौकटीपुरती लवते तिच्याविषयी त्याला चिंता नसते; परंतु जी अंगणातसुद्धा खांदे पाडून, मान खाली घालून उभी राहते, तिला कोणीतरी वर्षानुवर्षे उंचीवरून हिणविलेले आहे हे तो ओळखतो, आणि तिची ती लवण्याची सवय मोडण्यातच पहिले सहा महिने जातील असा हिशेब मांडून ठेवतो.

अशीच एक अकरावीतली मुलगी आम्ही तिसऱ्या शनिवारी पाहिली. खारपाणपट्ट्यातले गाव, विहिरीचे पाणी खारे, म्हणून चहापुरते नळाचे पाणी वेगळ्या गुंडात झाकून ठेवलेले. ओसरीवर खाट टाकली गेली. वडिलांनी कपाशीवरच्या बोंडअळीविषयी बराच वेळ बोलून घेतले आणि मग म्हणाले, “सर, पोट्टी उंच हाये हे आमाले मालूम हाये. उंचीनं लग्नाले वांधा येते हेबी मालूम हाये. पन उंचीनं फी माफ होते, हे आजच आयकलं.” नोकरीचा विषय त्यांनीच काढला. अशा वेळी पुष्कळ लोक खेळाडूंसाठी शासकीय नोकऱ्यांत राखलेल्या 5 टक्के जागांचे गाजर दाखवून मोकळे होतात. याने मात्र त्या जागेसाठी कोणत्या दर्जाच्या स्पर्धेतले प्रावीण्य लागते, प्रमाणपत्राची पडताळणी कशी होते, आणि आपल्या हातून गेलेल्या बहुतेक मुली तेथवर पोचल्या नाहीत, हे सर्व शांतपणे सांगितले. मला वाटले, मामला येथेच संपला.

तेवढ्यात दाराआडून आईचा प्रश्न आला: “वसतिगृहात राती खोलीले कडी कोन लावते? आतून का बाहेरून?”

याचे उत्तर चटकन देता आले असते; ते कोणीही दिले असते. तो म्हणाला, “माहीत नाही, बाई. पाहून येतो, मग सांगतो.” वहीत त्याने तो प्रश्न जसाच्या तसा लिहून घेतला, त्या आठवड्यात एका रात्री वसतिगृहाच्या फाटकाशी जाऊन गृहपाल बाईंना विचारून आला, आणि चौथ्या शनिवारी पुन्हा तोच चिखल तुडवीत त्या ओसरीवर हजर होऊन त्याने जबाब दिला: मुख्य दाराला साडेनऊला कुलूप, किल्ली गृहपाल बाईंच्या कमरेला, खोलीची कडी आतून. आईने ते ऐकून घेतले आणि दुसरा प्रश्न विचारला: रात्री ताप आला तर दवाखान्यात कोण नेईल? तोही वहीत गेला.

एवढी यातायात कशासाठी, याचा उलगडा परतीच्या वाटेवर झाला. पूर्वी, दुसऱ्याच एका महाविद्यालयात असताना, वरिष्ठांच्या तोंडी हुकमावरून त्याने एका मुलाच्या बापाला शुल्कमाफीचा शब्द दिला होता. मुलगा आला, खेळला, आणि वर्षअखेर ‘असा कोणताही ठराव दप्तरी आढळत नाही’ असे उत्तर मिळाले. पैसे याने आपल्या मानधनातून हप्त्याहप्त्याने भरले. अमेरिकेत अशा भरतीसाठी नियमांचे जाडजूड पुस्तक आहे, वर्षाच्या ठरावीक काळात प्रशिक्षकाने खेळाडूला समक्ष भेटण्यासही तेथे मनाई असते, आणि शिष्यवृत्तीचा करार लेखी होतो. आपल्याकडे असतो तो ओसरीवर बसलेला एक माणूस आणि त्याचा शब्द. आणि जो शब्द पाळणे संस्थेच्या हाती, त्याला जामीन मात्र हा राहतो. माझ्या मते हेच या पेशाचे खरे स्वरूप आहे.

पेशा म्हणावा तर तोही धड नव्हे. खेळाडू म्हणून विद्यापीठाचा कलर कोट मिळाला, शारीरिक शिक्षणाची पदवी झाली, पतियाळ्याचा सहा आठवड्यांचा अभ्यासक्रम झाला, आणि मग तासिका तत्त्वावरची नेमणूक, जी दर वर्षी नव्याने होते. शिवाय पंचांगच उलटे: महाविद्यालयाचे प्रवेश जून-जुलैत आटोपतात आणि शालेय स्पर्धा त्यानंतर, पावसाळ्यात सुरू होतात, म्हणजे या वर्षी पाहिलेली मुलगी फार लवकर आली तरी पुढल्या वर्षी येणार, आणि तोवर हा स्वतः तेथे असेलच याची शाश्वती नाही. सामन्याच्या वेळी बाकावरून मुख्य आणि सहायक प्रशिक्षकांपैकी एका वेळी एकानेच उभे राहावे असा नियम आहे. उभे कोण राहते हे सांगावयास नको. हा बसून कोणाचे किती दोष झाले ते मोजतो, कारण पाचव्या दोषाला खेळाडू बाहेर जातो आणि ते चौथ्यालाच कोणाच्या तरी ध्यानात असावे लागते.

भातकुली-दर्यापूरकडच्या वाचकांना एवढीच विनंती, की पावसाळ्यातल्या एखाद्या शनिवारी बुटाला शेरभर चिखल लागलेला असा कोणी तुमच्या अंगणात आला, तर त्याला चहा द्या वा न द्या. परंतु कडीविषयी, तापाविषयी, शुल्काविषयी जे विचारावयाचे ते सगळे विचारा, आणि त्याच्या वहीत ते त्याच्याच हाताने, तारखेसह लिहवून घ्या.