पहिले पाच किलोमीटर: धाप नेमकी कशाची?

महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांबाहेरच्या डांबरी रस्त्यावर पहाटे पाचला पोलीस भरतीची पोरं धावताना दिसतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, तेही घड्याळ लावून. आपल्याकडे बहुतेकांनी पाहिलेलं धावणं हेच. नाहीतर शाळेच्या मैदानावरची १०० मीटरची शर्यत. दोन्हीकडे शिट्टी वाजली की जीव खाऊन पळायचं.

त्यामुळे चाळिशीतली एखादी बाई ‘यंदा ५ किलोमीटरची शर्यत धावायचीच’ असं मनाशी ठरवते, तेव्हा पहिल्या सकाळी तीही तसंच पळते. दोनशे मीटरवर दम तुटतो, बरगडीखाली टोचायला लागतं, घसा कोरडा पडतो. ती गुडघ्यांवर हात टेकून उभी राहते आणि घरी जाऊन सांगते, ‘हे माझ्या अंगात नाही.’

हा निष्कर्ष चुकीचा आहे. दोनशे मीटरवर जो दम तुटला तो वेगामुळे. स्नायूंना लागणारा प्राणवायू हृदय आणि फुप्फुसं पुरवू शकतील, त्यापेक्षा मागणी जास्त झाली की शरीर थांबायला लावतं. तीच बाई निम्म्या वेगाने निघाली असती, तर कितीतरी पुढे गेली असती. योग्य वेग ओळखायला यंत्र लागत नाही. शेजारी धावणाऱ्याला एक सलग वाक्य सांगता आलं पाहिजे. दर दोन शब्दांना श्वास घ्यावा लागत असेल, तर वेग कमी करायचा. सुरुवातीला हा वेग भरभर चालण्यापेक्षा जेमतेम जास्त असतो, आणि त्यात कमीपणा काही नाही.

मध्येच चाललं की धावणं ‘मोडलं’, हाही असाच एक समज. जॉश क्लार्क या अमेरिकी तरुणाने १९९६ मध्ये नवशिक्यांसाठी नऊ आठवड्यांचा एक कार्यक्रम आखला. डोळ्यांसमोर होती त्याची पन्नाशीतली आई. ‘काउच टू फाइव्ह के’ या नावाने तो आज जगभर वापरला जातो. आठवड्यातून फक्त तीन दिवस. पहिल्या आठवड्यात पाच मिनिटं भरभर चालायचं, मग ६० सेकंद हळू धावायचं आणि ९० सेकंद चालायचं, असं २० मिनिटं. बस्स! १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये १०,००० मीटर धावलेल्या जेफ गॅलोवे यांनी तर धावणं-चालणं आलटून पालटून करण्याची पद्धतच रूढ केली. ऑलिंपिकपटू जे शिकवतो, त्याला लबाडी कोण म्हणेल?

घरच्यांचा हमखास आक्षेप असतो गुडघ्यांचा. ‘या वयात धावलीस तर गुडघे जातील.’ २०१७ मध्ये अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. हौसेने धावणाऱ्यांमध्ये गुडघ्याच्या किंवा खुब्याच्या संधिवाताचं प्रमाण ३.५ टक्के आढळलं, तर न धावणाऱ्या, बैठं आयुष्य असलेल्यांमध्ये १०.२ टक्के. स्पर्धात्मक पातळीवर धावणाऱ्यांमध्ये मात्र ते १३.३ टक्के होतं. ही आकडेवारी धावण्याने संधिवात टळतो असं सिद्ध करत नाही, पण बेताने धावणाऱ्याला घाबरवायला तिचा आधार निश्चितच मिळत नाही.

दुखणी येतात, पण वेगळ्या वाटेने. हृदय आणि फुप्फुसं काही आठवड्यांत तयार होतात, हाडं आणि स्नायुबंधांना महिने लागतात. दम टिकायला लागला की माणूस हुरळून अंतर वाढवतो आणि नडगी ठणकायला लागते. आधीपासून हृदयविकार, रक्तदाब, मधुमेह किंवा सांध्यांचं दुखणं असेल, तर सुरुवातीलाच डॉक्टरांना विचारलेलं बरं.

दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या भरून येतात. त्याचा दोष लॅक्टिक आम्लाला दिला जातो. ते तर धावणं थांबल्यावर तासाभरात निवळतं. वेदना असते स्नायूतंतूंना झालेल्या सूक्ष्म इजेची, आणि ती एक ते तीन दिवसांत सर्वाधिक जाणवते.

पाण्याचाही अतिरेक नको. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांच्या रक्तात सोडियम घटलेलं आढळलं, आणि अति पाणी पिणं हे त्यामागचं मुख्य कारण होतं. ५ किलोमीटरला सकाळी नेहमीसारखं पाणी पिऊन निघालं तरी बहुतेकांना पुरतं. आणि हो, ७० किलोच्या माणसाचे त्यात सुमारे ३५० उष्मांक खर्च होतात, म्हणजे साधारण एका वडापावाएवढे.

लहानपणापासून धावलेल्यांचंच हे काम, असं वाटणाऱ्यांनी बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्याच्या अविनाश साबळेकडे पाहावं. तो शर्यतींकडे वळला सैन्यात भरती झाल्यावर, विशीत. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये ८ मिनिटं ११.२० सेकंदांत रौप्य जिंकलं. १९९८ पासून या प्रकारातलं प्रत्येक राष्ट्रकुल पदक केनियाकडे गेलं होतं.

उरते शेवटचं येण्याची भीती, आणि ती फार खरी असते. लंडनच्या बुशी पार्कमध्ये २००४ साली १३ धावपटूंसह सुरू झालेल्या ‘पार्करन’ या साप्ताहिक ५ किलोमीटरने त्यावर सुंदर तोडगा काढला. एक स्वयंसेवक सर्वांच्या मागून चालतो, म्हणजे दुसरं कुणी शेवटचं येतच नाही. मुंबई मॅरेथॉनमधल्या सुमारे सहा किलोमीटरच्या ‘ड्रीम रन’मध्ये तर वेळेची नोंदच होत नाही.

शर्यतीच्या दिवशी नवे बूट घालू नयेत, फोड येतात. छातीवरचा क्रमांक चार सेफ्टी पिनांनी नीट लावावा आणि गर्दीच्या मागच्या टोकाला उभं राहावं. भोंगा वाजला की पुढची झुंड सुसाट सुटते. तिला जाऊ द्यावं. तिसऱ्या किलोमीटरच्या फलकापाशी तिच्यातले काहीजण कमरेवर हात ठेवून चालताना भेटतात. ‘चला, बरोबरच जाऊ’ असं त्यांना म्हणता येईल, एवढा श्वास तोवर राखलेला असावा.