कुलूपबंद घरात कोण राहतं?



दिवाळी झाली की आपल्या नांदूरघाट भागातल्या पुष्कळ घरांना कुलूप लागते. मुकादमाची उचल घेतलेली असते. ट्रॅक्टरमध्ये भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण, सरपण, एखादी शेळी असे सगळे चढते. आई-वडील ऊसतोडीला कारखान्यावर जातात, कुणी आजीजवळ मागे राहते, कुणी बरोबर जाते. दाराला कडी, कडीला कुलूप. आता सांगा पाहू, त्या घरात मागे कोण राहतं?

"कोणीच नाही," असे तुम्ही म्हणाल. चूक! त्या घरात उंदीर राहतो, घूस राहते, ढेकूण राहतो, विंचू राहतो. कणगीत सोंडे आणि टोके राहतात. आपण सहा महिन्यांनी परत येतो, तेव्हा घर त्यांचे झालेले असते. "आयत्या बिळात नागोबा" ही म्हण पाठ आहे ना? ती नुसती म्हण नाही. उंदराने बीळ केले की त्यात खरोखरच साप येऊन राहतो.

हे पाहुणे कधी येतात, का येतात आणि त्यांना कसे घालवायचे, ते आज पाहू.

तीन गोष्टी दिल्या की पाहुणा आला

कोणत्याही जिवाला तीन गोष्टी लागतात : खाणे, पाणी आणि लपायला आडोसा. या तिन्ही जिथे मिळतील तिथे तो जातो. आजी म्हणते, "आरं, उंदराला घर दिसत न्हाई, खाणं दिसतं." अगदी खरे आहे. रान हिरवे असते तेव्हा उंदराला बांधावर सगळे मिळते. सुगी झाली, बाजरी-सोयाबीन घरात आले, रान मोकळे झाले, की तोही धान्यामागे घरात येतो. म्हणजे ऋतू बदलला की पाहुणा बदलतो. त्याची वेळ आधी माहीत असली तर आपण त्याच्या आधी तयारी करू शकतो.

थंडी : उंदीर आणि धान्यातली कीड

कार्तिकापासून माघापर्यंत उंदरांचे राज्य. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात. म्हणून ते झिजवायला तो लाकूड, पत्र्याची कड, वायर, तुमचे दप्तर, काहीही कुरतडतो. उंदराचे लहान पिल्लू पेन्सिलीएवढ्या फटीतूनही आत शिरते. मादी साधारण तीन आठवड्यांत विते आणि एका वेळी सहा-आठ पिल्ले देते. ती पिल्ले अडीच-तीन महिन्यांत स्वतः आई-बाप होतात.

आता एक गणित करा. एक उंदीर दिवसाला सुमारे 25 ग्रॅम धान्य खातो असे धरू. बंद घरात 10 उंदीर आहेत. घर 180 दिवस बंद आहे. किती धान्य गेले?

25 × 10 × 180 = 45,000 ग्रॅम. म्हणजे 45 किलो ज्वारी! आणि हे झाले नुसते खाल्लेले. मुतून-लेंड्या टाकून नासवलेले वेगळे. शिवाय उंदीर दहाचे दहाच राहतील का, ते तुम्हीच सांगा.

धान्यातली कीड त्याहून लबाड. सोंडा दाण्याच्या आत अंडे घालतो, अळी आतूनच दाणा पोखरते, वरून काही दिसत नाही. तूर-हरभऱ्यात भुंगा पडतो. पण या किडीला ओल लागते. म्हणून जुनी माणसे ज्वारी दाताखाली धरून पाहत. 'कट्' आवाज आला तर धान्य वाळले, दाणा दबला तर अजून ओलावा आहे. ऊन नीट देऊन, गार झाल्यावरच धान्य कणगीत भरावे. गरम धान्य भरले तर आत घाम धरतो. कणगी आतून-बाहेरून लिंपलेली असावी, पत्र्याची कोठी असेल तर तिचे झाकण घट्ट असावे. सावलीत वाळवलेला कडुलिंबाचा पाला थरांमध्ये घालतात. डाळीला थोडे तेल चोळून ठेवतात. पोती भिंतीला टेकवू नयेत, खाली फळ्या किंवा विटा ठेवाव्यात. भिंतीची आणि भुईची ओल पोत्यात चढते.

उन्हाळा : ढेकूण आणि विंचू

ऊसतोडीहून माणसे परत येतात ती चैत्र-वैशाखात. दमून आलेला माणूस बाजेवर पडतो आणि रात्रभर खाजवत बसतो. घरात तर सहा महिने कोणी नव्हते, मग ढेकूण मेला कसा नाही? कारण ढेकूण कित्येक महिने उपाशी राहू शकतो. बाजेच्या खाचेत, भिंतीच्या चिरेत तो वाट पाहत बसतो. उपाय सोपा, पण चिकाटीचा. बाज कडक उन्हात टाकायची, सांध्यांवर उकळते पाणी ओतायचे (हे काम मोठ्यांचे!), गोधड्या उकळत्या पाण्यातून काढून वाळवायच्या. आठ-दहा दिवसांनी पुन्हा हेच करायचे, कारण अंड्यांतून नवे निघालेले असतात.

विंचवाचे मात्र हसण्यावारी नेऊ नका. आपल्याकडे दगड-मातीच्या भिंती, माळवदाची घरे, गोवऱ्यांचे ढीग, म्हणजे त्याला हवी तेवढी जागा. उकाड्यात आणि पहिल्या पावसात तो बाहेर निघतो. तांबडा विंचू चावला तर लहान मुलाच्या जिवावर बेतते. फार घाम येतो, उलट्या होतात, हातपाय गार पडतात, हृदयावर ताण येतो.

जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे डॉ. हिम्मतराव बावस्कर 1976 साली रायगड जिल्ह्यात महाडजवळ बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात नोकरीला लागले. तिथे विंचू चावलेली माणसे डोळ्यांदेखत दगावताना त्यांनी पाहिली. ते गप्प बसले नाहीत. रात्र-रात्र रोग्यांजवळ बसून त्यांनी नोंदी केल्या आणि प्राझोसिन हे रक्तदाबाचे औषध यावर कामी येते हे दाखवून दिले. त्यानंतर विंचवाच्या दंशाने होणारे मृत्यू फार कमी झाले. 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली. खेड्यातल्या शाळेत शिकलेल्या मुलाने हे केले! म्हणून विंचू चावला तर मांत्रिकाकडे वेळ घालवायचा नाही, सरळ दवाखाना गाठायचा. आणि पायतण, कपडे, अंथरूण झटकल्याशिवाय वापरायचे नाही.

पावसाळा : माशी, डास आणि वाळवी

पहिल्या पावसात दिव्याभोवती पंखवाले किडे जमतात, ते वाळवीचे. पंख गळतात, जोडी जमिनीत शिरते आणि नवे वारूळ सुरू होते. दाराच्या चौकटीवर मातीची बारीक नळी दिसली की समजावे, वाळवी आत लाकूड खात आहे. ती नळी मोडायची, भिंतीची ओल काढायची.

माशी उकिरड्यात अंडी घालते. उन्हाळी-पावसाळी दिवसांत आठ-दहा दिवसांत अंड्याची माशी होते. ती शेणावरून उठते आणि तुमच्या भाकरीवर बसते. जुलाब, हगवण, विषमज्वर अशी भेट देऊन जाते. उकिरडा घरापासून लांब, खड्ड्यात आणि मातीने झाकलेला असावा.

डासाचे नीट ऐका. डेंग्यूचा डास घाण गटारात नव्हे, आपल्या रांजणात, टाकीत, साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. आपल्याकडे पाण्याची ओढ, त्यामुळे पाणी साठवावेच लागते. साठवा, पण झाकून. आठवड्यातून एक वार ठरवून रांजण पूर्ण उपसायचा, आतून घासायचा, कोरडा करायचा. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. दर आठवड्याला रांजण कोरडा झाला तर डास होणारच नाही. ज्या हौदाचे पाणी उपसता येत नाही, त्यात गप्पी मासे सोडतात.

पावसाळ्यात बिळांत पाणी शिरते, म्हणून सापही कोरडी जागा शोधतो. मण्यार रात्री फिरते, आणि तिचा चावा कित्येकदा दुखतही नाही. जमिनीवर झोपू नये. बाज आणि मच्छरदाणी बरी. घरात उंदीर नसला तर सापाला यायचे कारणही कमी.

मामला गावची गोष्ट

आता जी गोष्ट सांगतो, ती आपल्याच बीड जिल्ह्यातली आहे. तुमच्या आई-वडिलांना किंवा आजी-आजोबांना विचारा, त्यांना आठवेल.

30 सप्टेंबर 1993. पहाटे चारच्या सुमारास किल्लारीला भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यांत हजारो माणसे गेली. आपल्या जिल्ह्यालाही हादरे बसले. भिंत अंगावर पडेल या भीतीने कित्येक गावांतली माणसे घर सोडून बाहेर झोपू लागली. माणसे बाहेर आणि धान्य आत! उंदरांना दुसरे काय हवे?

पुढच्या वर्षी, 1994 च्या ऑगस्टमध्ये, बीड जिल्ह्यातल्या मामला गावात लोक तक्रार करू लागले, की घरात पिसवा फार झाल्या. त्याआधी उंदीर आपोआप मरून पडत होते. मग माणसांना ताप येऊ लागला, जांघेत आणि काखेत गाठी येऊ लागल्या. तो प्लेग होता. आपल्या देशात कित्येक वर्षे माणसांत न दिसलेला रोग परत आला होता. रिकाम्या घरांत, टाकून दिलेल्या धान्यावर उंदीर वाढले, हे त्याचे एक कारण असावे असे तज्ज्ञांनी मांडले. आरोग्य खात्याची माणसे गावोगाव फिरली, फवारणी झाली, गोळ्या-कॅप्सूल वाटल्या. पुढच्याच महिन्यात सुरतेला प्लेग निघाला, तिथे माणसे दगावली आणि लाखो लोक शहर सोडून पळाले.

या रोगाची ओळख महाराष्ट्राला जुनी आहे. 1896 साली मुंबईत प्लेग आला, तो पुण्याला गेला. तेव्हा सावित्रीबाई फुले रोग्यांची सेवा करत होत्या. एका आजारी मुलाला त्यांनी स्वतः उचलून दवाखान्यात आणले. त्यांनाही प्लेग झाला आणि 10 मार्च 1897 रोजी त्या गेल्या. प्लेग उंदराच्या अंगावरची पिसू पसरवते, हे त्या वेळी कोणाला ठाऊक नव्हते. 1898 साली सिमाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरने कराचीत प्रयोग करून ते दाखवले.

यातून एक नियम निघतो, तो वहीत लिहून घ्या. उंदीर मेला की त्याचे अंग गार होते आणि पिसवा त्याला सोडून दुसरे ऊबदार अंग शोधतात. ते अंग आपले असते! म्हणून विष न घालताही घरात उंदीर मरून पडू लागले, तर हात लावायचा नाही, शेपटी धरून खेळायचे नाही. लगेच मोठ्यांना आणि आशाताईंना सांगायचे. अशा वेळी आधी पिसू, मग उंदीर असे काम चालते.

औषधाची पुडी : दुधारी सुरी

"एवढं कशाला, पावडर टाकली की झालं," असे कोणी म्हणेल. पूर्वी घरोघर गॅमॅक्सिनची पावडर टाकत. ती माणसालाही घातक ठरली आणि 1997 साली आपल्या देशात तिच्यावर बंदी आली. धान्यात ठेवायच्या गोळ्यांतून विषारी वायू निघतो. ज्या खोलीत माणसे झोपतात तिथल्या धान्यात त्या ठेवल्या, दारे-खिडक्या बंद केल्या आणि सकाळी लेकरे उठलीच नाहीत, अशा घटना घडलेल्या आहेत. ही गोळी मुलांनी हातात घ्यायचीच नाही. घरात कोणी ठेवत असेल तर "आपण इथं झोपतो" असे धीटपणे सांगायचे. पिंजरा बरा. उंदीर संशयी असतो, म्हणून पिंजरा दोन दिवस नुसता उघडा ठेवून त्यात भाकरीचा तेल लावलेला तुकडा ठेवावा. सवय झाली की तिसऱ्या दिवशी चाप लावावा.

कुलूप लावण्याआधी

1. न्यायचे धान्य न्यावे, उरलेले वाळवून घट्ट झाकणाच्या कोठीत ठेवावे. उघडे पोते मागे सोडू नये.
2. रांजण, हंडे, बादल्या उपड्या घालाव्यात.
3. भिंतीतली बिळे काचेचे तुकडे घातलेल्या गाऱ्याने बुजवावीत. नुसती माती उंदीर परत उकरतो. (काच मोठ्यांनीच हाताळावी.)
4. चुलीजवळचे खरकटे, भाकरीचे तुकडे झाडून काढावेत.
5. गोधड्या धुऊन, वाळवून, पेटीत ठेवाव्यात.
6. मागे राहणाऱ्या आजीने किंवा शेजाऱ्याने पंधरा दिवसांनी एकदा दार उघडून घर झाडावे, उजेड आणि वारा येऊ द्यावा.

सहावा नियम सगळ्यांत मोठा आहे. माणसाचा वावर असला की उंदीर बिचकतो. तुमच्या वर्गातल्या ज्या मित्राचे घर बंद आहे, त्याच्या आजीबरोबर जाऊन एका रविवारी ते घर झाडून या. जागा हलवताना हात आधी घालू नका, आधी काठी घाला. तो मित्र वैशाखात परत येईल, तेव्हा दार उघडल्यावर त्याला त्याचे स्वतःचे घर सापडेल, उंदराचे नव्हे.

आणि हो, वरच्या गणितातले दहा उंदीर तीन महिन्यांनी किती झाले असतील? उत्तर काढून सोमवारी गुरुजींना दाखवा.