शिरस्त्राण : दुचाकीस्वाराचे जीवनकवच

बारामतीहून काटेवाडी, भवानीनगर, सणसर, निमगाव केतकी या मार्गाने इंदापूरला जाणारा रस्ता दिवसभर गजबजलेला असतो. दुधाच्या किटल्या घेऊन निघालेला शेतकरी, औद्योगिक वसाहतीत पाळीवर जाणारा कामगार, शिक्षक, ग्रामसेवक, महाविद्यालयीन विद्यार्थी, या सर्वांचे वाहन एकच, ते म्हणजे दुचाकी. बारामती परिसरात तर दुचाकींचे उत्पादनही होते; पियाजिओच्या येथील कारखान्यात २०१२ साली व्हेस्पा स्कूटर तयार होऊ लागली. दुचाकीने खेडे आणि शहर जवळ आणले. परंतु तिच्या स्वाराभोवती मोटारीसारखा पत्रा नसतो. अपघातात आघात थेट शरीरावर होतो आणि त्यात सर्वांत नाजूक अवयव डोके हाच होय.

आकडे काय सांगतात

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या वर्षी देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. त्यांपैकी ५०,०२९ दुचाकीवरील व्यक्तींनी शिरस्त्राण घातलेले नव्हते. यांत चालक ३५,६९२ आणि मागे बसलेले १४,३३७ होते. मागे बसणाऱ्यास शिरस्त्राणाची गरज नाही, हा समज किती घातक आहे, हे यावरून दिसून येते.

शिरस्त्राणाचे कार्य

ताशी ४० किलोमीटर वेगाने स्थिर वस्तूवर आदळणे म्हणजे सुमारे ६ मीटर उंचीवरून, म्हणजे दुमजली घराच्या माथ्यावरून, खाली पडण्यासारखे आहे. शिरस्त्राणाचे बाहेरचे कठीण कवच आघात मोठ्या पृष्ठभागावर पसरविते. आतील थर्मोकोलसारखा थर दबतो आणि आघाताचा जोर स्वतः शोषून घेतो. डोके एकदम न थांबता क्षणभर सावकाश थांबते आणि मेंदूस बसणारा हिसका कमी होतो. एकदा दबलेला थर पूर्ववत होत नाही. म्हणून मोठा आघात सोसलेले शिरस्त्राण वरून धड दिसले तरी बदललेच पाहिजे.

हे ज्ञान नवे नाही. १९३५ साली टी. ई. लॉरेन्स यांचा मोटारसायकल अपघातात मृत्यू झाला. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत असलेले मेंदूशल्यचिकित्सक ह्यू केर्न्स यांनी पुढे अशा दुखापतींचा अभ्यास करून १९४१ साली शिरस्त्राणाचे महत्त्व मांडले. त्यानंतरच्या अनेक अभ्यासांच्या एकत्रित पडताळणीत असे आढळले, की शिरस्त्राणामुळे अपघातग्रस्त दुचाकीस्वाराच्या मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो.

कायद्यातील तरतुदी

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२९ नुसार दुचाकी चालविणारा आणि मागे बसणारा या दोघांनाही शिरस्त्राण बंधनकारक आहे; पगडी परिधान केलेल्या शीख व्यक्तींना यातून सूट आहे. २०१९ च्या सुधारणेने उल्लंघनासाठी एक हजार रुपये दंड व तीन महिने अनुज्ञप्ती अपात्र ठरविण्याची तरतूद केली. १ जून २०२१ पासून भारतीय मानक चिन्ह नसलेल्या शिरस्त्राणाचे उत्पादन व विक्री करण्यास मनाई आहे. रस्त्याकडेला स्वस्तात मिळणारी पातळ टोपी दंड चुकवील, प्राण वाचविणार नाही. तसेच हनुवटीखालचा पट्टा न बांधलेले शिरस्त्राण पहिल्याच धक्क्यात उडून जाते, हेही लक्षात ठेवावे.

स्थानिक परिस्थिती

गळीत हंगामात उसाच्या बैलगाड्या व ट्रॅक्टर-ट्रॉल्या रात्रीही रस्त्यावर असतात. मागे परावर्तक नसलेली ट्रॉली अंधारात दिसत नाही. आषाढी वारीत संत तुकाराम महाराजांची पालखी याच मार्गाने जाते. या पालखी मार्गाच्या चौपदरीकरणाची पायाभरणी ८ नोव्हेंबर २०२१ रोजी झाली. इंदापूर आणि भिगवणजवळून पुणे-सोलापूर महामार्ग जातो. रुंद रस्त्यावर वेग वाढतो, आणि वेगाबरोबर आघातही वाढतो.

“गावातल्या गावात जायचे आहे,” “उन्हात गुदमरते,” अशी कारणे सांगितली जातात. परंतु वस्तीवरून मुख्य रस्त्यावर येतानाचा वळणाचा टप्पाही धोक्याचाच असतो. उन्हाचा त्रास काही वेळाचा. घरातील कर्ता माणूस गेल्याचे दुःख मात्र पिढीभर पुरते.

ग्रामपातळीवर काय करता येईल

शिक्षकांनी पालकसभेत हा विषय घ्यावा. अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी देऊन गुन्हा घडल्यास पालकास २५,००० रुपये दंड व तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो, हेही सांगावे. ग्रामपंचायतींनी हंगामापूर्वी ग्रामसभेत ऊसवाहतूकदारांना परावर्तक लावण्याचा आग्रह धरावा. अपघातग्रस्तास मदत करणाऱ्यास कलम १३४-अ चे संरक्षण आहे, याची माहिती द्यावी, म्हणजे भीतीपोटी कोणी मागे राहणार नाही. जखमीचे शिरस्त्राण ओढून काढू नये; मानेस इजा होण्याचा संभव असतो.

शिरस्त्राण अपघात टाळीत नाही. वेगमर्यादा, सावधपणा आणि चांगला रस्ता यांची जागा ते घेऊ शकत नाही. पण इतर सर्व उपाय अपुरे पडतात त्या क्षणी तेच स्वाराजवळ उरते. सरपंच, शिक्षक आणि अधिकारी यांनी स्वतः ते घालून गावात प्रवेश केला, तर गावाला वेगळा उपदेश करण्याची गरज फारशी उरणार नाही.